सागवानाची जमीन आणि सागवानाचे चित्र

तापी नदी समुद्राला मिळते तेथे, तिच्या उजव्या तीरावर, हजीरा हे गाव वसले आहे. समोरच्या तीरावर डुमस, आणि नदीने आत गेले की सुरत. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे साचत असल्यामुळे मोठी जहाजे सुरतेपर्यंत पोहोचू शकत नसत. ती हजिऱ्याच्या उत्तरेस, सुवाळीच्या आडोशाच्या पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि त्यांचा माल गाड्यांनी व मचव्यांनी शहरात नेला जाई. १६१२ साली कॅप्टन थॉमस बेस्ट याच्या इंग्रज गलबतांनी पोर्तुगीज आरमाराला तोंड दिले ते याच पाण्यात. १६१५ मध्ये सर थॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीसाठी उतरला तोही याच किनाऱ्यावर.

आज त्या किनाऱ्यावर शिडे दिसत नाहीत. दिसतात त्या चिमण्या, टाक्या आणि बंदराचे धक्के. खत, पोलाद, नैसर्गिक वायू अशा अनेक उद्योगांनी तो व्यापला आहे. १९९० नंतरच्या दशकात येथे रिलायन्सच्या कारखान्यात एक पांढरी भुकटी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. तिचे नाव पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजेच व्यवहारातील पी.व्ही.सी. आपल्या देशात या भुकटीचा मोठा भाग पाण्याच्या नळांसाठी खर्ची पडतो. परंतु तिच्याच जातीच्या भुकटीपासून घरातील जमिनीवर अंथरावयाच्या त्या पट्ट्याही होतात, ज्या लांबून पाहणाऱ्याला सागवानाच्या फळ्या वाटतात. ज्या मुखाशी एके काळी खऱ्या लाकडाच्या डेकांची गर्दी होती, तेथेच आता लाकडाच्या प्रतिमेचा कच्चा माल निपजतो. खरे लाकूड आणि लाकडाचा भास यांची तुलना करावयाची तर याहून सोयीचे ठिकाण शोधून सापडणे कठीण.

लाकडाच्या जमिनीची सर्वांत कठोर परीक्षा घरात होत नाही, ती जहाजावर होते. डेकवर रोज खारे पाणी ओतले जाते, वरून ऊन तापते, खालून दमट हवा चढते आणि जड तोफा त्यावरून ओढल्या जातात. युरोपातून सुवाळीला येणारी जहाजे ओकच्या लाकडाची असत. ओक मजबूत खरा, पण त्यात जे आम्ल असते ते लोखंडी खिळ्याला खाते आणि गंजणारा खिळा उलट लाकडाला खातो. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यात ठोकलेले लोखंड टिकते, वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा शिवत नाही आणि उष्ण समुद्रातील लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनाही ते तुलनेने दाद देत नाही. सुरतेच्या सुतारांना हे पूर्वापार ठाऊक होते. इंग्रजांना ते कळले, आणि मग त्यांनी केवळ लाकूडच नव्हे तर सुतारही उचलले.

लवजी नसरवानजी हा सुरतेच्या गोदीतील पारशी कारागीर. १७३५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मुंबईस आणले. पुढे वाडिया या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्याच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. त्यांपैकी ‘कॉर्नवॉलिस’ हे जहाज १८१३ सालचे. १८४२ मध्ये चीनशी झालेल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या याच जहाजावर. ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे मलबारी सागवानाचे जहाज तर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगत आहे. दोनशे वर्षांवर उलटलेल्या सागवानाचा याहून बोलका पुरावा दुसरा कोणता हवा?

जहाजावर जे साधले ते जमिनीवर नेहमीच साधले असे मात्र नाही. घरातील लाकडाचा वैरी पाणी नव्हे, तर अग्नी. सुरतेच्या जुन्या घरांचे सांगाडे लाकडी, गल्ल्या अरुंद आणि माड्या एकमेकींना टेकलेल्या. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा लागलेल्या आगींत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्याहून भयंकर आग शांततेच्या काळात लागली. २४ एप्रिल १८३७ रोजी पेटलेल्या त्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे गेली, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापीला महापूर येऊन उरलेसुरलेही बुडाले. अनेक व्यापारी घराण्यांनी त्यानंतर मुंबईची वाट धरली. पुण्यात त्याच्या नऊ वर्षे आधी, फेब्रुवारी १८२८ मध्ये, शनिवारवाडा असाच जळाला. त्याचे सागवान जुन्नरच्या जंगलातून आले होते असे सांगतात. त्या भव्य प्रासादाची तटबंदी आणि जोती तेवढी आज आपण पाहतो; ज्यावर पेशव्यांची पावले पडली ती जमीन धूर होऊन गेली.

तथापि मराठी वाड्याच्या माडीवर उघड्या फळ्यांची जमीन सरसकट असे, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. भिंतींवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर दाटीने बसविलेले किलच, त्यावर मातीचा किंवा चुन्याचा जाड थर आणि सर्वांवर शेणाचे सारवण, अशी ती रचना. म्हणजे लाकूड होते, पण ते पायाला लागत नसे. भार वाहणे एवढेच त्याचे काम. मातीच्या थरामुळे माडी थंड राही, आवाज खाली जात नसे आणि चुकून निखारा सांडला तरी लाकडापर्यंत पोहोचावयास त्याला वेळ लागे. नुसत्या फळ्यांची जमीन आपल्याकडे अधिक रुजली ती किनाऱ्याने आणि शहरांतून. पोर्तुगीज भाषेत ‘सोब्रादु’ या एकाच शब्दाचा अर्थ फळ्यांची जमीन असाही होतो आणि माडीचे घर असाही होतो. गोव्यातील जुन्या मोठ्या घरांतून हे दोन्ही अर्थ एकत्र पाहावयास मिळतात. मुंबईत गिरगाव-काळबादेवीच्या चाळी उभ्या राहिल्या त्या लाकडी सांगाड्यावर आणि लाकडी तक्तपोशीवर. वरच्या बिऱ्हाडात घागर लवंडली की खालच्या बिऱ्हाडात ठिबक सुरू होई आणि मग जे संभाषण होई, ते लाकूडशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आढळणार नाही! विनोद सोडला तरी त्यात तथ्य एवढे की, मोरीलगतच्या तुळयांची टोके सतत ओली राहून कुजत आणि धोका तेथूनच सुरू होई.

आता प्रश्न असा, की जमिनीसाठी लाकूड निवडताना पाहावयाचे काय? पुष्कळांची समजूत अशी, की जितके कठीण तितके उत्तम. लाकडाचा कठीणपणा मोजण्याची एक प्रसिद्ध रीत गॅब्रिएल यांका या ऑस्ट्रियात जन्मलेल्या संशोधकाने १९०६ मध्ये बसविली. सुमारे ११.३ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतविण्यास किती जोर लागतो, ते पाहावयाचे. पौंडांत मोजले तर पाइनच्या काही मऊ जातींना चारशेही लागत नाहीत. सागाला साधारण एक हजार, पांढऱ्या ओकला साडेतेराशे, अमेरिकेतील कठीण मेपलला साडेचौदाशे, आणि आपल्या काळ्या शिसवीला दोन हजारांहूनही अधिक. बास्केटबॉलच्या मैदानात मेपल घालतात ते या कठीणपणामुळेच. या कोष्टकात साग मधल्याच वर्गात बसतो. मग त्याला एवढा मान का?

कारण जमिनीला सर्वांत जास्त छळतो तो आघात नव्हे, तर ऋतुबदल. ओले लाकूड वाळताना आक्रसते आणि पुढेही जन्मभर ते दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आखडते. हे आक्रसणे रेषांच्या आडव्या दिशेने जास्त, लांबीच्या दिशेने नगण्य. सागाचे आक्रसणे ओकच्या निम्म्याच्या आसपास आहे. म्हणूनच आषाढात सागाच्या फळ्या एकमेकींवर चढत नाहीत आणि वैशाखात त्यांच्यामध्ये नाणे उभे राहील अशा फटी पडत नाहीत. ऐन हे लाकूड कठीण आणि भारी, पण वाळविताना फाटण्याची त्याची खोड मोठी. खैर तर लोखंडासारखा. मात्र त्याच्या लांब-रुंद फळ्या मिळणार कोठून? फणसाचे पिवळेधमक लाकूड कोकणात दारांना आणि पेट्यांना शोभते, परंतु रहदारीच्या जमिनीवर ते लवकर झिजते. पाइनचे तक्ते स्वस्त आणि हलके. पण खुर्चीचा पाय सरकला तरी त्यावर खूण उमटते. सागाला एक दोष आहे आणि तो सुतारालाच जाणवतो. त्याच्या लाकडात वाळूचा, म्हणजे सिलिकाचा, अंश असल्यामुळे रंध्याची धार लवकर बोथट होते.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. साग म्हणजे एकच वस्तू नव्हे. सालीलगतचे पांढरट लाकूड आणि आतला सोनेरी-तपकिरी गाभा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. तेल आणि टिकाऊपणा आहे तो गाभ्यात. रानातील ऐंशी-शंभर वर्षांच्या झाडात गाभा भरपूर असतो; लागवडीच्या वीस-पंचवीस वर्षांच्या झाडात तो कमी आणि कोवळा असतो. आफ्रिकेतून व दक्षिण अमेरिकेतून आज जे लागवडीचे सागवान येते ते नावाने सागच आहे, पण ‘त्रिंकोमाली’च्या सागाशी त्याची बरोबरी करणे म्हणजे शेंडेफळाला आजोबांचा अंगरखा घालणे होय.

ज्या जुन्या, भरल्या गाभ्याच्या सागाची ही थोरवी, तो आला कोठून आणि त्याचे मोल कोणी दिले, हेही पाहिले पाहिजे. सुरतेच्या आग्नेयेस सह्याद्रीच्या पायथ्याशी डांगची अरण्ये आहेत. १८४२ मध्ये इंग्रज सरकारने तेथील भिल्ल राजांकडून ती अरण्ये लाकडासाठी पट्ट्याने घेतली. पाठोपाठ कुऱ्हाडी आल्या, वनखात्याचे नियम आले, आणि ज्यांची ती राने होती त्यांनाच त्यांत शिरण्यासाठी परवानगी लागू लागली. गायकवाडांच्या अमदानीत १९१३ च्या सुमारास बिलिमोरा ते वघई हा अरुंद लोहमार्ग सुरू झाला. डांगचे लाकूड किनाऱ्याकडे आणणे हा त्याचा एक मुख्य हेतू. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली तेव्हा डांग कोणाचा, यावर मोठा वाद झाला आणि अखेर तो गुजरातेत गेला. भाषेचा तो वाद आपल्याला आठवतो; लाकडाचा इतिहास मात्र विस्मरणात गेला. आहवा येथे दर वर्षी होळीच्या सुमारास डांग दरबार भरतो आणि राजघराण्यांच्या वारसांना सालाना दिला जातो. त्या रकमेचे मूळ १८४२ च्या पट्ट्यात आहे.

मुंबईला डांग व मलबार पुरेनात, तेव्हा ब्रह्मदेशाकडे दृष्टी वळली. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने तेथील सागाच्या अरण्यांचे मक्ते घेतले. तेथे झाड तोडण्याआधी त्याच्या खोडाभोवती गोल खाच पाडून ते दोन-तीन वर्षे उभेच वाळवीत, कारण ओला साग पाण्यात बुडतो. मग हत्तींकरवी ओंडके नदीत लोटीत. १८८५ साली राजा थिबाच्या दरबाराने, ओंडके कमी दाखविल्याचा आरोप ठेवून, कंपनीला तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना फ्रेंचांचा वाढता वावर सलत होताच. त्यांना निमित्त मिळाले. नोव्हेंबर संपण्यापूर्वी मंडाले पडले. पदच्युत राजा १८८६ मध्ये रत्नागिरीस आला आणि १९१६ मध्ये तेथेच मरण पावला. त्याचा वाडा पाहावयास आज सहली जातात. त्या राजाच्या पतनास सागवानाचा दंड कारणीभूत झाला आणि ते ‘ब्रह्मी सागवान’ मुंबईच्या जिन्यांत नि तक्तपोशीत बसले, हे त्या सहलींतून क्वचितच सांगितले जात असेल. योगायोग असा, की ती कंपनी आज वाडिया उद्योगसमूहात आहे. म्हणजे सुरतेहून आलेल्या त्या सुताराच्या वंशाकडे. ब्रह्मदेशाने, म्हणजे आताच्या म्यानमारने, २०१४ पासून न चिरलेल्या ओंडक्यांची निर्यात बंद केली.

तेव्हा लाकडाचे सोंग घेणाऱ्या जमिनींकडे नाक मुरडण्यापूर्वी हा हिशेब समोर ठेवणे न्याय्य ठरेल. त्यांच्यामुळे काही झाडे उभी राहिली असतील, हे मान्य केले पाहिजे.

या सोंगाची सुरुवातही जुनीच. १८६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन याने जवसाचे तेल घट्ट करून, त्यात बुचाची भुकटी मिसळून, कापडावर थापलेले लिनोलियम काढले. त्यावर लाकडाच्या रेषा छापल्या जाऊ लागल्या. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन याने ठिसूळ पी.व्ही.सी. मऊ करण्याची युक्ती शोधली आणि व्हिनाइलची जमीन शक्य झाली. आपल्या घरांतून ‘लिनोलियम’ म्हणून जे अंथरले गेले ते पुष्कळदा व्हिनाइलच होते. पी.व्ही.सी.च्या वजनात अर्ध्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो, म्हणजे मूलतः मिठाचा. उरलेला खनिज तेल वा वायूचा. हल्लीच्या कडक पट्ट्यांत त्यात चुनखडीची पूड भरतात, वर लाकडाचे छायाचित्र छापलेली पातळ पटली आणि तिच्यावर पारदर्शक थर. लॅमिनेटची जात निराळी. ते १९७० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये निघाले. त्याचा गाभा लाकडाच्या दाबलेल्या भुशाचा असतो, त्यावर छापील कागद आणि त्यावर कठीण राळेचा थर. या थरात अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. म्हणजे आपला कुरुंदच. गुजरातेतच मोरबीच्या भट्ट्यांतून लाकडाच्या रेषा छापलेल्या चिनी मातीच्या फरश्या निघतात. या तिहींहून वेगळी म्हणजे प्लायवूडवर खऱ्या लाकडाचा तीन-चार मिलिमीटरचा पापुद्रा बसविलेली जमीन. तिला पूर्ण सोंग म्हणता येत नाही आणि पूर्ण सत्यही नाही.

यांची परीक्षा पाण्याने होते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतेक भाग बुडाला आणि हजिऱ्यातही पाणी शिरले. अशा वेळी सागाची भरीव फळी फुगते, वाकते. पण सावकाश वाळू दिली तर बरीचशी पूर्वपदावर येते. लॅमिनेटचा भुशाचा गाभा एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. पट्ट्यांच्या कडा उचललेल्याच राहतात. व्हिनाइलला पाणी बाधत नाही, मात्र खाली साचलेली ओल बाहेर पडू शकत नाही. चिनी मातीची फरशी पुसून टाकली की मोकळी. आगीचे गणित याच्या उलट. जाड सागवान वरून कोळसा होत हळूहळू जळते आणि माणसांना पळावयास अवधी देते, पी.व्ही.सी. सहजी पेट घेत नाही, पण जळू लागले की त्यातून निघणारा आम्लयुक्त धूर घातक असतो.

ओळखावयाचे कसे, असेही पुष्कळ जण विचारतात. खोलीत उभे राहून फळ्यांवरील गाठी पाहाव्यात. झाडाला एकसारखी गाठ दोनदा येत नाही; छापखान्याला ती ठरावीक अंतराने यावीच लागते. दुसरी खूण कानाची. पोकळीवर बसविलेल्या सागाच्या फळीचा आवाज खोल असतो, छापील पट्टीचा टकटकीत. आणि फळीचे कापलेले टोक हाती लागले तर काही विचारावयासच नको. तेथे रेषा आरपार गेलेल्या दिसल्या पाहिजेत.

भावाच्या दृष्टीने सोंग स्वस्त आहे हे उघडच आहे, आणि दोन खोल्यांच्या संसाराला सागवानाची जमीन सुचविणे हे केवळ अव्यवहारीपणाचे होईल. शहाबादी फरशीची आपली जमीन या हवेला अधिक मानवते, हेही खरे. परंतु टिकण्याचा हिशेब वर्षांत मांडला तर चित्र पालटते. वीस मिलिमीटर जाडीची सागवानी फळी झिजली की तासावी, घासावी, तेल द्यावे. असे अनेकदा करता येते. पातळ पापुद्र्याच्या जमिनीला हे एक-दोनदाच परवडते. छापील पट्टीला एकदाही नाही, कारण वरचा थर गेला की चित्र जाते आणि चित्राखाली लाकूड नसतेच.

मुंबई-पुण्याकडे जुना वाडा किंवा चाळ पाडण्याचे ठरते, तेव्हा भाव करणारा आधी तुळया मोजतो, मग कड्या, मग तक्तपोशीच्या फळ्या. खिळे उपसलेले ते काळवंडलेले लाकूड जुन्या सागवानाच्या वखारीत जाते. तेथे सुतार त्यावर रंधा फिरवितो आणि दोन-तीन हात मारताच खालून तोच सोनेरी रंग व तोच तेलकट वास निघतो. वखारवाला नव्या लागवडीच्या सागापेक्षा त्याचा भाव चढा सांगतो, आणि गिऱ्हाईक तो देते. त्याच इमारतीतून निघालेल्या व्हिनाइलच्या गुंडाळ्या मात्र फाटकाबाहेर पडून असतात.